घरात लग्न, आणि मध्ये गौरी-गणपती, दिवाळी, सहल : तुम्ही कसं बसवलंत?

कृष्णाकाठ
११ जुलै २०२६, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी.

लेकीचं लग्न ठरलंय. साखरपुडा मे महिन्यात, अधिक महिना लागायच्या आधी झाला. लग्न डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, इथेच सांगलीत. कार्यालय मिळालं, आचारी ठरले, त्यामुळे मोठी धाकधूक संपली. हॉल, जेवण, फोटोवाला या विषयांवर इथे पुष्कळ धागे आहेत, ते वाचले. माझा प्रश्न त्यांत कुठेच बसत नाही म्हणून हा वेगळा धागा.

यंदा अधिक ज्येष्ठामुळे सगळे सण लांबलेत. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, भाऊबीज ११ ला. म्हणजे भाऊबीज झाली की लग्नाला जेमतेम साडेतीन आठवडे. आमच्याकडे गौरी-गणपती असतात, गौरी उभ्या. मी हायस्कुलात शिकवते, त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर प्रथम सत्राचे पेपर तपासायला असतात. धाकटा बारावीला. सासूबाई ऐंशीच्या पुढे, गोळ्या-औषधं वेळेवर लागतात. लेक पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार येते.

आणि सहल. दरवर्षी भाऊबीज झाली की आम्ही, धाकटे दीर-जाऊ आणि नणंदेकडचे असे सगळे कोकणात जातो. आंबा घाट उतरून रत्नागिरी, गणपतीपुळे, कधी खाली वेंगुर्ल्यापर्यंत. मुलं लहान होती तेव्हापासूनचं हे. यंदा नणंद म्हणतात सहल रद्द, लग्नघरातून कुणी समुद्रावर जातं का. लेक म्हणते, याच वर्षी जायचं, पुढच्या वर्षी मी कुणाबरोबर आणि केव्हा येईन ते मला तरी कुठे माहीत आहे.

पण सहल हा प्रश्नाचा अर्धाच भाग झाला. साखरपुड्यापासून आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नाही. पत्रिकेचा मजकूर, मानाच्या साड्या, पाहुण्यांच्या खोल्या. परवा सासूबाई सहज म्हणाल्या, "आता या घरात सण येणार आहेत की नाही?" ते मला लागलं. लेक या घरात आज आहे तशी असतानाचे हे शेवटचे गौरी-गणपती. ते मला नीट करायचे आहेत. गौरीपुढे बसून केटररला फोन करायचा नाहीये.

तुमच्या घरी लग्नाच्या आधीच्या सहा महिन्यांत रोजचं जगणं आणि सणवार कसे सांभाळलेत? खरं काय झालं ते सांगा.

---

बकुळ
११ जुलै, सकाळी ११:१५

अभिनंदन ताई! आमच्या लेकीचं लग्न माघात झालं, त्यामुळे सगळं ताजं आहे.

पहिली गोष्ट, केळवणं. त्यांच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत आणि खरा वेळ त्यातच जातो. आत्या, मामा, मावश्या, शेजारी, ऑफिसातल्या मैत्रिणी, सगळ्यांना बोलवायचं असतं आणि सगळ्यांचं प्रेम खरं असतं. दिवाळीपर्यंत कुणाला सुचत नाही, मग शेवटच्या तीन आठवड्यांत रोज कुठेतरी श्रीखंड-पुरी आणि बासुंदी. माझ्या लेकीचं पोट बिघडलं, ब्लाउजची मापं बदलली, आणि एका मावशीकडे जायचं राहिलं ते राहिलंच. ती मावशी अजून बोलून दाखवते.

तेव्हा जवळच्या माणसांना आत्ताच फोन करा : "आमची लेक अमुक शनिवारी येतेय, केळवण तेव्हा करता का?" साखरपुडा झालाय, केळवणाला मुहूर्त लागत नाही. काही जण म्हणतील इतक्या लवकर कसं. त्यांना सांगा की नोकरीवाली मुलगी आहे. माझं स्पष्ट मत असं की केळवण घरीच असावं. हल्ली हॉटेलात नेतात, तिथे तासाभरात बिल येतं आणि आपण उठतो. घरी वरणभात, अळूचं फदफदं आणि एक गोड एवढं असलं तरी मुलगी आत्याच्या घरात दुपारभर लोळते, जुने फोटो निघतात. केळवण त्यासाठीच असतं.

दुसरं, ब्लाउज. गणपतीच्या आधी शिवायला टाका. नवरात्र लागलं की शिंपी फोन उचलत नाहीत.

तिसरं, आठवड्यातून एकच संध्याकाळ लग्नाची. आम्ही बुधवार ठरवला होता. मधे काही सुचलं की वहीत लिहायचं आणि बुधवारी बोलायचं. सुरुवातीला जड गेलं, पण नंतर मंगळवारी रात्री ह्यांनाच वहीची आठवण व्हायला लागली.

---

सह्यकडा
११ जुलै, दुपारी १:०२

सहलीबद्दल मी नणंदबाईंच्या बाजूने. रद्द करा.

मुलीचा बाप म्हणून सांगतो. भाऊबीजेनंतरचे ते चार दिवस म्हणजे हातात पत्रिका घेऊन फिरायचे दिवस. सगळे नातेवाईक गावात असतात, कामावरून सुट्टी असते. सांगली, मिरज, जयसिंगपूर, कोल्हापूर हे सगळं तेव्हाच उरकतं. तेवढ्यात तुम्ही गणपतीपुळ्याला गेलात तर पुढे एकेका पत्रिकेसाठी रविवार घालवावा लागेल, आणि रविवार तुमच्याकडे तीनच उरतात. शिवाय दिवाळीच्या सुट्टीत कोकणात खोल्यांचे दर चढलेले, घाटात गाड्यांची रांग. आणि घरात कुणी आजारी पडलं तर? लग्नाआधीच्या महिन्यात माणसं जपायची.

पण लेकीचं म्हणणंही खरं आहे, ते डावलू नका. मग सहल दिवाळीनंतरच का? २ ऑक्टोबर शुक्रवारी आहे. शुक्रवार, शनिवार, रविवार. तेव्हा पितृपक्ष चालू असेल, म्हणजे तुमची कुठलीच खरेदी नाही, कुठलं आमंत्रण नाही, कार्यालयवाल्याचा फोन नाही. पावसाचा जोर ओसरलेला, भातशेती पिवळी पडायला लागलेली, धबधबे अजून चालू. खोल्याही दिवाळीच्या मानाने स्वस्त. समुद्र मात्र तेव्हा खवळलेला असतो, पाण्यात उतरायचं नाही. काठावर बसायचं.

रेल्वेने येणारं कुणी असेल तर आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीलाच तिकिटं काढा.

---

ओवी
११ जुलै, रात्री १०:४८

काकू, मी तुमच्या लेकीच्या जागेवरून लिहिते. माझं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं, मीही पुण्यातच नोकरीला होते.

आई-बाबा सगळं माझ्यासाठी करत होते हे मला दिसत होतं. पण त्या सहा महिन्यांत आईचा फोन आला की पोटात गोळा यायचा, कारण फोनवर फक्त निर्णय असायचे. शालू की पैठणी, हळद आदल्या दिवशी की त्याच दिवशी, मेंदीवाली कुणाची. एकदा मी तापाने फणफणले होते आणि आईने आधी विचारलं की पार्लरवालीला पैसे पाठवलेस का. तिचा दोष नव्हता, तिच्या डोक्यात शंभर गोष्टी होत्या. पण मला आई हवी होती.

म्हणून एक विनंती. तिला रोज फोन कराल तेव्हा आधी तुमच्या घरातलं सांगा. जास्वंदीला कळ्या आल्यात, धाकट्याने केमिस्ट्रीत किती मार्क मिळवले, आजीने दुपारी काय खाल्लं. लग्नाचं व्हॉट्सॲपवर लिहा, ती ऑफिसात वेळ मिळेल तसं उत्तर देईल.

गणपतीत दुसरा प्रश्न येईल. सासरकडचे म्हणतील, आमच्याकडे दर्शनाला पाठवा. पाठवा, जरूर पाठवा. पण स्थापना आणि गौरीजेवणाचा दिवस तुमचा ठेवा, आणि हे दोन्ही घरांनी गणपतीच्या पुष्कळ आधी एकमेकांशी मोकळेपणाने बोलून ठरवा. माझ्या वेळी ते आयत्या वेळी झालं. गौरीजेवणाच्या दुपारी मी दोन घरांच्या मधे रिक्षात होते, आणि दोन्हीकडे पानं वाढून झालेली होती.

आणि सहलीला जाच. कुठेही जा, केव्हाही जा. माझं ते राहिलं.

---

रानवारा
१२ जुलै, सकाळी ७:३०

बारावीतल्या मुलाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ताईचं लग्न झालं तेव्हा मी बारावीत होतो.

लग्नघरात धाकट्या भावाला सगळे हाक मारतात. गॅस सिलिंडर आला, मामांना स्टँडवरून आण, झेरॉक्स काढून आण, फुलवाल्याकडे जाऊन ये. प्रत्येक काम दहा मिनिटांचं, पण दिवसभरात सलग तासभर बसता येत नाही. नाही म्हटलं तर "बहिणीच्या लग्नातसुद्धा?" असं होतं. मला तिच्यासाठी करायचं होतं, खूप करायचं होतं. म्हणून नाही म्हणता आलं नाही.

त्याला एकच मोठं काम पूर्णपणे द्या आणि बाकीच्यांतून सोडवा. माझ्या मते ते काम पाहुण्यांच्या गाड्या आणि खोल्यांचं असावं. ते शेवटच्या आठवड्यात येतं, तोवर तो अभ्यास करेल. आणि हे घरातल्या सगळ्यांसमोर जाहीर करा, म्हणजे काका-मामा त्याला पिटाळणार नाहीत.

आजी आहेत ना घरात? त्यांची खोली पाहुण्यांना देऊ नका. आमच्याकडे दिली होती. आजी आठवडाभर हॉलमधल्या दिवाणावर झोपली.

---

उंबरठा
१२ जुलै, सकाळी ९:२०

सह्यकडा यांनी पितृपक्षात सहल सुचवली आहे. काहींना ते पटणार नाही, म्हणून वडीलधाऱ्याच्या नात्याने दोन शब्द.

पितृपक्षात नवी खरेदी, मंगलकार्य करू नये अशी रीत आहे आणि मी ती पाळतो. पण तो पंधरवडा भीतीचा नाही. लग्नात पुण्याहवाचनाबरोबर नांदीश्राद्ध होतं. पितरांना बोलावून, त्यांचा आशीर्वाद घेऊनच कार्य सुरू होतं. ज्या घरात पितरांची तिथी नीट होते, पान वाढलं जातं, त्या घराने तीन दिवस देवदर्शनाला जायला काहीच हरकत नाही. तुमच्याकडची तिथी तेवढी बघा.

तसंच, सासूबाईंना कामात घ्या. "तुम्ही आराम करा" हे म्हाताऱ्या माणसाला फार एकटं पाडतं. लग्नाआधी हळदीचा मुहूर्त करता ना? जात्याला आंब्याचा डहाळा बांधून पाच सवाष्णी हळकुंडं दळतात तो? त्याची सगळी जबाबदारी त्यांच्यावर सोपवा. कुणाला बोलवायचं, जातं कुणाकडून आणायचं, ओव्या कोण म्हणेल. सांगलीत हळकुंडांना तर तोटा नाही. त्या ओव्या लिहून घ्यायला नातीला सांगा. पुढे विचारायचं म्हटलं तरी सांगणारं माणूस लागतं.

---

तिखटमीठ
१२ जुलै, दुपारी १२:१०

कोल्हापूरहून अभिनंदन! मी फक्त स्वयंपाकघराबद्दल बोलणार.

दिवाळीचा फराळ आणि रुखवत ही दोन वेगळी कामं समजू नका. अनारशाचं पीठ एकदाच करा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, निथळून कापडावर पसरायचे, किंचित दमट असतानाच दळून चाळायचे. मग त्यात गूळ किसून, चमचाभर तूप घालून घट्ट गोळे करून डब्यात. आठवड्यात पीठ मुरतं आणि कोरडा हात लावला तर महिनोन् महिने टिकतं. निम्मं दिवाळीला, निम्मं रुखवताला. रुखवताचे अनारसे लग्नाच्या दोन दिवस आधी तळा, खसखशीची बाजू वर ठेवून. शंकरपाळी, कडक बुंदीचे लाडूही टिकतात. करंज्या, चिरोटे मात्र ताजेच हवेत, ते बाहेरून करून घ्या आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका.

सांडगे, पापड उन्हाळ्यात झाले नसतील तर आता पावसात मागे लागू नका, बचत गटाच्या बायकांकडून घ्या. सुरेख करतात आणि त्यांच्या हातात चार पैसे जातात.

आणि फराळाला लेकीला बसवा. एक रविवार चकलीचा. लग्नानंतर ती शिकेलच किंवा विकत आणेल, तो प्रश्न नाही. पण सोऱ्या हातात घेऊन आईशेजारी तीन तास बसायला मिळतं, आणि हात गुंतलेले असले की मुली आपणहून बोलायला लागतात. माझी बोलली. लग्नाची तिला वाटत असलेली भीती मला त्या चकल्यांच्या घाण्यापाशी कळली.

---

परदेशस्थ
१२ जुलै, रात्री ११:५५

न्यू जर्सीहून. तुमच्याकडे बाहेरून कुणी येणार असेल तर हे उपयोगी पडेल, नसेल तर सोडून द्या.

इथून येणाऱ्याला दिवाळी आणि लग्न दोन्ही मिळणं कठीण. यंदा थँक्सगिव्हिंग २६ नोव्हेंबरला आहे, त्याला जोडून आठवडा-दीड आठवड्याची रजा काढली तर तुमची तारीख बरोबर सापडते. पण त्या दिवसांची विमानाची तिकिटं लवकर महाग होतात, तेव्हा नातेवाइकांना तारीख आत्ताच कळवा, पत्रिकेची वाट पाहू नका. व्हिसाचा शिक्का भारतात येऊन घ्यायचा असेल तर त्यांना त्याची अपॉइंटमेंट आधी बघायला सांगा. माझ्या बहिणीच्या लग्नाला मी त्यामुळेच जाऊ शकलो नाही. हळदीच्या वेळी फोनवर होतो, समोर सगळे दिसत होते, आणि मी इथे रात्री तीनला दिवा लावून बसलो होतो. आजही ते आठवलं की त्रास होतो.

विवाह नोंदणीची कागदपत्रंही या मधल्या काळात एका फाइलला लावून ठेवा. दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, लग्नपत्रिका, भटजींची माहिती आणि सही, तीन साक्षीदार. लग्नाच्या गर्दीत साक्षीदार समोर असतात पण त्यांच्या आधार कार्डाची प्रत नसते.

---

माटोळी
१३ जुलै, सकाळी ८:०५

गोव्याहून. आमच्याकडे नोंदणीच आधी असते. पहिली सही, मग मुदत जाऊ द्यायची, मग दुसरी सही. त्यामुळे चवथीच्या आधी पहिली सही करून टाकायची आणि चवथ मोकळी ठेवायची असं आमच्या घरात ठरलं होतं.

ताई, तुमचा मुद्दा मला फार पटला. लग्न झालं की पहिल्या चवथीला माहेरहून मुलीच्या सासरी ओझें जातं. फळं, नेवऱ्या, लाडू, पाट्या भरून. आई ते भरत असते आणि घरात माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळाफुलांची सजावट, बांधायला मुलगी नसते. आदल्या वर्षी मात्र ती असते. त्या वर्षी आम्ही घरात नियम केला होता, चवथीचे पाच दिवस लग्नाचा शब्द नाही. माझे दीर दोनदा विसरले, त्यांना दोन्ही वेळा नारळ सोलायला बसवलं.

---

कृष्णाकाठ
१३ जुलै, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. शाळेतून आल्यावर एकेक प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. जात्याचं ऐकून त्यांनी लगेच कुणाकुणाकडे जुनं जातं आहे ते सांगायला सुरुवात केली. ओव्या त्यांना पुष्कळ येतात हे मला माहीत होतं, पण त्यातल्या काही त्यांनी स्वतःच्या लग्नात ऐकलेल्या आहेत हे आज कळलं.

सह्यकडा, २ ऑक्टोबरचं घरात बोलले. सासऱ्यांची तिथी दशमीची, ती पुढच्या आठवड्यात येते, म्हणजे अडचण नाही. नणंदेला सुरुवातीला पितृपक्ष ऐकून बरं वाटलं नाही, पण उंबरठा यांचं नांदीश्राद्धाबद्दलचं सांगितलं तेव्हा त्या शांत झाल्या. जाताना देवरुखच्या बाजूने मार्लेश्वरला जावं असं त्यांनीच सुचवलं. तिथे संक्रांतीला मार्लेश्वर आणि गिरिजादेवीचा लग्नसोहळा होतो, म्हणून लेकीला दर्शन घडवायचं त्यांच्या मनात आहे. पायऱ्या पुष्कळ आहेत, सासूबाई खाली थांबतील, त्यांच्याबरोबर जाऊबाई.

तिखटमीठ, तुमचा शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला. चकलीचा रविवार नक्की.

एक अडचण उरली आहे. "सणाला लग्नाचा विषय नाही" हा नियम मला हवा आहे. पण सह्यकडा म्हणतात तसं भाऊबीजेला सगळे भाऊ-बहिणी एकत्र येतात, पत्रिका तेव्हा द्यायच्या नाहीत तर केव्हा? आणि धनत्रयोदशीला मंगळसूत्र आणायचं ह्यांच्या मनात आहे. मग नियम कुठे राहिला?

---

बकुळ
१३ जुलै, रात्री १०:१०

अहो, ते तर सणातलंच आहे! भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर भावाच्या हातात पत्रिका आणि अक्षता देणं यासारखं आमंत्रण नाही. नियम आहे तो कामाच्या फोनला, हिशेबाला, वादाला. त्या दिवशी कुणाचे किती पैसे द्यायचे राहिलेत ते काढायचं नाही, मानपानाची यादी उघडायची नाही. मंगळसूत्र आणलंत तर देवापुढे ठेवा, दुकानातली घासाघीस घरी आणू नका. कुलदैवताला आणि गणपतीला ठेवायची पहिली पत्रिका मात्र दसऱ्यानंतर लगेच ठेवून या.

---

सह्यकडा
१३ जुलै, रात्री १०:३५

अनुमोदन. आणि पत्रिका दसऱ्याला छापून हातात हव्यात, म्हणजे नवरात्र लागायच्या आधी मजकूर पक्का. लांबच्या गावांना सहलीच्या आधीच फोनवर तोंडी आमंत्रण देऊन ठेवा.

---

ओवी
१४ जुलै, दुपारी २:१५

काकू, एक राहिलं. पाडव्याला सासरकडून तिला बोलावणं येईल का ते आत्ताच विचारून ठेवा. लग्नानंतरची पहिली दिवाळी म्हणजे दिवाळसण, ती तुमच्याकडे असते. पण लग्नाआधीच्या दिवाळीची रीत प्रत्येक घरात वेगळी. आणि तिला काय हवंय तेही तिलाच विचारा. आम्हाला कुणी विचारत नाही, "तुला यंदा कुठे असायचंय?"

---

कृष्णाकाठ
१९ जुलै, सायंकाळी ६:२०

ओवी, विचारलं. ती या शनिवारी आली होती. म्हणाली, पाडव्याला संध्याकाळी दोन तास त्यांच्याकडे जाऊन येईन, त्यांनाही आनंद होईल. पण अभ्यंगस्नानाला मला इथेच उटणं लावून घ्यायचंय, आजीच्या हातून. होणाऱ्या विहीणबाईंना मी स्वतः फोन केला. त्या लगेच हो म्हणाल्या. उलट त्यांनीच सांगितलं की त्यांच्या मुलालाही चुलत भावांबरोबर एक ट्रेक करायचाय आणि त्याला हे सांगायला संकोच वाटत होता.

आता ठरलेलं लिहिते, पुढे कुणाला उपयोग झाला तर होईल.

बुधवारी रात्री लग्नाची वही. लेक पुण्याहून फोनवर असेल. इतर दिवशी जेवताना तो विषय नाही, हे आमच्या ह्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. बस्ता श्रावणात बांधायचा आणि ब्लाउज लगेच शिवायला टाकायचे. मात्र ऑगस्टभर सगळं कापड वरच्या मजल्यावर, माझ्या कपाटात राहील. २०१९ ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं होतं, आमच्या गल्लीत तेव्हा कंबरभर पाणी होतं. शेजारच्या घरात लग्नाचं सामान तळमजल्यावर होतं, ते सगळं गेलं. त्यामुळे नदी शांत होईपर्यंत नव्या साड्या खाली आणायच्या नाहीत.

इथल्या गणपती मंदिरात चोर गणपती (चतुर्थीच्या आधीच गुपचूप बसतो तो) बसला की आमच्या घरी वही बंद. ती गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावर उघडायची. गौरीजेवणाचं पुरण लेक घालणार आहे, तसं तिनेच सांगितलं. २ ऑक्टोबरला कोकण. गाडीत दिरांची मुलं, आम्ही आणि सासूबाई पुढच्या सीटवर. धाकटा तीन दिवस पुस्तकं आणणार म्हणतो, आणू दे. त्याचं काम गाड्या आणि खोल्या, रानवारा यांनी सांगितलं तसंच, आणि ते काका-मामांना कळवून झालं. आजीची खोली आजीचीच.

केळवणांपैकी तीन ऑगस्टात ठरली. मोठ्या आत्यांना मी स्वतः सांगितलं की साधं जेवण करा आणि दुपारभर ठेवून घ्या. त्या म्हणाल्या, रात्रीही ठेवून घेते.

परदेशस्थ, माझा भाचा तुमच्याच बाजूला आहे. त्याला तारीख आणि २६ नोव्हेंबरचं दोन्ही कळवलं. त्याने तिकीट काढलं. तुमच्या बहिणीच्या लग्नाबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

---

परदेशस्थ
१९ जुलै, रात्री ११:४०

भाचा येतोय हे वाचून खूप बरं वाटलं. त्याला सांगा, परतीचं तिकीट लग्नाच्या दुसऱ्या दिवसाचं नको. सत्यनारायणाला थांबू दे.

---

तिखटमीठ
२० जुलै, सकाळी ७:५०

ताई, अनारशांसाठी जुना तांदूळ घ्या, नवा नको, चिकट होतो. आणि तीन-चार किलोचं पीठ करणार असाल तर दळायला गिरणीत पहिल्या नंबरला जा, आधीचं ज्वारीचं पीठ त्यात यायला नको. इचलकरंजीला माझी वहिनी रुखवतासाठी अनारसे करून देते. तळायला माणूस कमी पडलं तर निरोप टाका, तिचा नंबर तुम्हाला खासगीत पाठवते.